रेवती शहाण्यासारखी बसली त्या दिवशी

माझ्या आईनं माझ्या बहिणीला इतकं शहाण्यासारखं वागायला शिकवलं, की सरकारला ती अपंग वाटलीच नाही.

आज आईला जाऊन एक वर्ष झालं.

सप्तापूरला रूम करून राहिलेल्या माझ्या निम्म्या मित्रांनी तिचा डबा खाल्लाय. त्यामुळे ती कोण होती ते सांगत बसत नाही.

रेवतीला मात्र तुम्ही पाहिलं नसेल. तुम्ही डबा न्यायला आलात की आई तिला आतल्या खोलीत घेऊन जायची.
लाजेनं नाही. तुमच्या बाईकचा आवाज तिला सोसत नव्हता म्हणून.

ती चार वर्षांची होईपर्यंत सगळे म्हणाले, उशिरा बोलेल. मामा पण उशिराच बोलला होता.
मग एका डॉक्टरबाईंनी ऑटिझम म्हणून सांगितलं. आईनं तो शब्द औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून घेतला आणि घरी येऊन मला वाचायला लावला. दोनदा.

बाई म्हणाल्या, पोरीशी एकच भाषा बोला. थेरपी कन्नड, शाळा कन्नड.
त्या दिवसापासून आई पोटच्या पोरीशी मराठी बोलली नाही. लाड कन्नडमध्ये. रागावणं पण.

स्पेशल स्कूल, पेन्शन, सगळ्याला अपंगत्वाचा दाखला लागतो. दाखल्याला चाळीस टक्के लागतात. आणि टक्के सरकारी दवाखान्यातलं डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं.

तारीख मिळाली आणि आईनं रेवतीची तयारी सुरू केली. पाहुणे बघायला येणार असल्यासारखी.
दोन महिने. चुलीपुढं स्टूल टाकून. हात मांडीवर. नजर वर. नाव सांग. नमस्कार री म्हण.

मी म्हटलं, "आई, हे कशाला?"
"मोठे डॉक्टर असतात तिथं. पोरगी रानटी दिसू दे काय? मग म्हणतील, आईनंच काय शिकवलं नाही."

हे वाक्य तिनं पाच वर्षं ऐकलं होतं. माझ्या आत्यानं, अप्पांच्या बहिणीनं, तर भर पंक्तीत ऐकवलं होतं.

बोर्डाच्या दिवशी रेवतीला नवा फ्रॉक. दोन वेण्या, लाल रिबन.

"हेसरेनव्वा?" डॉक्टरांनी नाव विचारलं.
"रेवती. नमस्कार री."

डॉक्टर हसले. "भाळ शाण्या अदाळ री," आईला म्हणाले. लई हुशार आहे हो तुमची पोरगी.
"घरात त्रास देते?"
"इल्ल री. अजिबात नाही."

आई धडधडीत खोटं बोलली. आदल्या दिवशीच रेवतीनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. कपाळावरचं टेंगूळ आईनं पावडर थापून झाकलं होतं.

टक्के भरले नाहीत. दाखला नाही.

मी टेबलावर हात आपटला. "तुम्ही दहा मिनिटं बघितलं, आम्ही रोज बघतोय!" वॉचमननं दंडाला धरून बाहेर काढलं. मला असलंच जमतं.

बाहेर आई म्हणाली, "गप की रे खुळ्या. डॉक्टर काय म्हणाले ऐकलास न्हाईस? हुशार आहे म्हणाले."

ती खूश होती. खरंच खूश होती. रेवतीबद्दल कुणी चांगलं बोललेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि मी, तिचा शिकलेला मुलगा, बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "तूच घालवलंस. तुझ्यामुळं गेलं सगळं."

सप्तापूर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

चार महिन्यांनी ती गेली. छातीत दुखतंय हे तिनं सगळे डबे भरून झाल्यावर सांगितलं.

अप्पा तारिहाळला कारखान्यात, शिफ्टमध्ये. रेवतीपाशी कुणीतरी पाहिजे. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं.

विद्यानगरच्या स्टॉपवर माझ्यासाठी तीन तीन बस सोडणारी एक होती. तिनं विचारलं, "संतोष, पुढं तुझ्या बहिणीला कोण बघणार?"
"मी."
"आणि मला?"
ह्याचं उत्तर मी दोन दिवस शोधत होतो. तोवर नंबर ब्लॉक.
तू हे वाचणार नाहीस, माहीत आहे. तरी लिहितो. त्या स्टॉपवर बस थांबली की अजून माझी मान वर होते. राग पण येतो. दोन्ही एकदमच.

असो. आजचा दिवस आईचा.

गेल्या महिन्यात बोर्डाची दुसरी तारीख मिळाली. ह्या वेळी काही तयारी केली नाही, असं सगळ्यांना सांगितलं.
केली होती.

आई गेल्यापासून रेवती ओट्यावरचं भाकरीचं फडकं मुठीत धरून फिरते. सोडत नाही. धुवायला देत नाही. पिठाचा वास आहे त्याला.

डॉक्टरांच्या दारात मी ते तिच्या मुठीतून ओढून घेतलं आणि खिशात घातलं.

ती किंचाळली. जमिनीवर पडली. माझ्या मनगटाला कडकडून चावली. टेबलाच्या कडेवर डोकं आपटणार तेवढ्यात नर्सनं मध्ये हात घातला.
तिला नाव विचारलं. तिला नाव आठवलं नाही.

पाच मिनिटांत काम झालं. टक्के भरले, वर उरले. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला लई त्रास आहे हो." मी मान हलवली.

बाहेर येऊन फडकं तिच्यापुढं धरलं. तिनं माझ्या हातातून घेतलं नाही. मी बाकड्यावर ठेवून लांब जाऊन उभा राहिलो, तेव्हा उचललं.

दाखला आलाय. शाळेत ॲडमिशन झालं. लोक फोन करून म्हणतात, संतोषनं करून दाखवलं बघ.

रेवती अजून माझ्या हातचं जेवत नाही. अप्पा शिफ्टवरून येईपर्यंत ताट झाकून ठेवतो.

आई, दाखला कसा मिळतो ते मला आता कळलं. तुला ते जमलं नसतं. जमलं नाही हेच बरं होतं.

त्या दिवशी बसमध्ये बोललो ते मागं घेतो. उशीर केला. माझं चुकलं.

जा आई. सुखात रहा.