कालच्या पाण्यात आजची पावडर

डायलिसिसचं मशीन सुरू झालं की थोड्याच वेळात आईला हुडहुडी भरायची. दात कडकड वाजायचे. "थंडी वाजी ऱ्हायनी माले," एवढंच ती म्हणायची. सेंटरवाल्यांचं उत्तर तयार: एसी आहे, वय झालंय, मावशी घाबरतात. मी घरून गोधडी नेऊ लागले. रक्त तपासलं, तर रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे खोटारडी कोण, तर माझी आई!

शेवटी आईला दाखवायला नेलं त्या सुरतच्या डॉक्टरांनी तिचं रक्त आणि मशीनला लावतात त्या सोड्याच्या द्रावणाचा नमुना मोठ्या लॅबकडे पाठवला. दोन्हींत एकच जंतू निघाला. मीठ आवडणारा. साध्या तपासणीत तो चटकन सापडत नाही म्हणे. उरलेलं द्रावण रोज ओतून द्यायचं, त्याचा कॅन धुऊन कोरडा करायचा, एवढंच पथ्य होतं.

पुढच्या खेपेला आईला पलंगावर निजवलं आणि रिपोर्ट घेऊन मी मागच्या खोलीत गेले. मशीन चालवणारा कालच्या उरलेल्या द्रावणातच नवी पावडर कालवत होता.

"हे ओतून का देत नाही?"

"ताई, खारं पानी शे ते. खारामा जंतू कशे जगतीन? कैरीनं लोणचं नासस का?"

तो अगदी मनापासून विचारत होता. त्यानेच माझं डोकं फिरलं. आमच्याकडे सगळे हेच धरून चालतात, मीठ लावलं की माल टिकला. अरे, पण माझी आई म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे? मी तसंच ओरडले. त्या गोधडीचा, त्या प्रत्येक 'मावशी घाबरतात'चा राग एकदम बाहेर पडला. मॅनेजर धावत आला. रिपोर्टकडे न बघताच म्हणाला, "पटत नसेल तर पेशंट दुसरीकडे न्या."

आमच्या गावात हे एकच सेंटर; दुसरीकडे म्हणजे थेट सुरत. जिला घरापासून रिक्षापर्यंत चालवत नाही, तिला आठवड्यातून तीनदा सुरत! तक्रार करते म्हणून मी फोन काढला, तेवढ्यात दारातून दिसलं, पलंगावरून आई हाताने बोलावत होती. तिला सुई अजून टोचायची होती.

"भांडू नको माय," ती हळूच म्हणाली. "परवा माले आठेच येनं शे."

खरंच, परवा पुन्हा इथेच यायचं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला. आतून नुसती जळत होते. मग त्या मशीन चालवणाऱ्याकडेच जाऊन, जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं, "दादा, आजच्यापुरता तरी कॅन धुऊन घ्या ना."