चौबळ साहेबांचा हॉल

कुठल्याही रिकाम्या खोलीत शिरलं की चौबळ साहेब आधी एक टाळी वाजवत आणि मान तिरपी करून ऐकत राहत. साइटवरचा पठाण फोरमन हसायचा, "साब, कव्वाली शुरू?" ते म्हणत, "थांब रे बाबा, भिंत काय म्हणते ते ऐकू दे."

नव्वदच्या दशकात दुबईतल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत ते माझे सीनियर आर्किटेक्ट होते. साठी उलटलेली, बायको पुण्यात, व्हिसा कंपनीच्या मर्जीवर. अल मनखूलला आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. एका भारतीय शाळेच्या हॉलचं काम आलं तेव्हा ते पोरासारखे हरखले. प्रार्थना, परीक्षा, बॅडमिंटन, गॅदरिंग, सगळं त्याच हॉलमध्ये. भिंती त्यांनी रास अल खैमाकडच्या डोंगरी दगडाच्या धरल्या आणि आवाज घुमू नये म्हणून आतून खजुराच्या झावळ्यांच्या चटया. "इथे झावळ्या फेकून देतात आणि आपण बाहेरून फोम मागवतो! अरे, शेवटच्या रांगेतल्या पोराला बाईंचा शब्द कळला पाहिजे. नाहीतर ते गोडाऊन."

आगीची शंका निघणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून वाळवलेली चटई त्यांनी गच्चीवर माझ्यासमोर पेटवून पाहिली. काळी पडली, पण पेटली नाही.

आमच्या कंपनीच्या मॅनेजरला मात्र पत्र्याची तयार शेड हवी होती. झटपट उभी राहते. शाळेच्या कमिटीसमोर त्याने आगीचा विषय काढलाच. साहेब निर्धास्तपणे म्हणाले, "याने बघितलंय. विचारा याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको-मुलीला आणण्यासाठी लागणारं माझं सॅलरी सर्टिफिकेट मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. मी म्हणालो, "सर, नक्की नाही सांगता येणार."

"खलास," मॅनेजर म्हणाला.

त्या संध्याकाळी साहेबांनी नेहमीसारखा दोघांचा भात लावला. वाढताना एवढंच विचारलं, "सही झाली का रे?"

झाली होती.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. एअरपोर्टवर त्यांनी मला येऊ दिलं नाही. "बायको येतेय ना तुझी? घर शोध आधी." पुढे बरीच वर्षं मी त्यांना फोन करायचा ठरवत राहिलो. मग एक दिवस ते गेल्याचं पुण्याहून कळलं.

माझी मुलगी त्याच शाळेत शिकली. वार्षिक समारंभात ती त्या पत्र्याखाली भाषणाला उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसत होते; कानावर नुसता घुमारा येत होता. परतताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, कुड यू हिअर मी?"

"हो बेटा," मी म्हणालो, "शब्द न् शब्द."