अण्णांच्या बंदुकीचं लायसन

बंदूक उडाली तर बातमी हुती, न्हाय उडाली तर किस्सा. आमच्या टोळक्यात आजपर्यंत बातमी एकबी झाली न्हाय, त्यामुळं किस्से लई साठल्यात.

टोळकं म्हंजे मी आणि माझा दोस्त मल्लू. आणि आम्हाला या नादाला लावणारे मल्लूचे चुलते, गडमुडशिंगीचे अण्णा. अण्णांच्या नावावर बारा बोअरची बंदूक, पिकाच्या राखणीच्या लायसनवर. उसात रानडुकरं शिरायची म्हणून. बंदूक खोलीत खुंटीला, चामड्याच्या कव्हरात. अण्णांचं वय झालेलं. आता लायसन मल्लूच्या नावावर करायचं त्यांच्या मनात हुतं, पण अट घातली.

"आधी नेम शिक, मग कायदा शिक. माझ्या दारात आजवर पोलिसाची जीप थांबली न्हाय. तुझ्यापायी थांबली तर बंदूक सरकारात आणि तू घराभाईर."

मल्लू घाबरला. मी न्हाय. मला काय, घर माझं न्हवतं.

*

नेम शिकायचा तर नेमबाजीची रेंज शोधायची कुठं? तवा नेट-बिट काय न्हवतं. मग आम्ही न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, "नेमबाजी व्हय? ती जत्रंत असती."

गेलो जत्रंत. फुगेवाल्यानं बंदूक मल्लूच्या हातात दिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "पावणं, नळी जरा डावीकडं वाकडी हाय. वीतभर उजवीकडं नेम धरा."

मल्लू म्हणाला, "मग सरळ करून का घेत न्हाईसा?"

"सरळ केली तर फुगं फुटतील की."

तीन दिवस जत्रा चालली. तिन्ही दिवस मल्लू तिथं वीतभर उजवीकडं नेम धरून शिकला.

*

खरी रेंज शेवटी घावली ती एका पिठाच्या गिरणीमागं. पत्र्याचं शेड, दहा मीटरवर पुठ्ठ्याची कार्डं, आणि मिलिटरीतनं रिटायर झालेले मास्तर. मास्तरांनी पहिला महिना बंदुकीला हात लावू दिला न्हाय. नुसतं हात पुढं करून, श्वास धरून उभं ऱ्हायचं. दळणाला आलेल्या बायका खिडकीतनं बघायच्या. एकीनं मास्तरांना विचारलं, "पोरं चांगल्या घरातली दिसत्यात. काय केलंय ओ ह्यांनी?"

महिन्यानं छर्र्याच्या बंदुका मिळाल्या. दहा-दहा छर्रे. माझं कार्ड मल्लूच्या उजव्या अंगाला. आता जत्रंतली वीतभर सवय दहा मीटरवर कुठं जाती, याचा हिशोब मल्लूनं केला न्हवता.

मास्तरांनी कार्डं काढून आणली. मल्लूचं कोरं करकरीत. माझ्यावर वीस भोकं.

"तू छर्रे किती नेलंस?"

"दहा, मास्तर."

"मग भोकं वीस कशी?"

मी म्हटलं, "माझा एकेक छर्रा परत येऊन मारतोय, मास्तर."

मास्तरांनी दोन्ही कार्डं उन्हात धरून बघितली. म्हणाले, "स्पर्धेत दोघं मिळून एकच नाव द्या."

*

आता कबूल करतो. मल्लूला मी सांगितलं हुतं की बंदुकीच्या लायसनसाठी तलाठ्याकडनं शांत स्वभावाचा दाखला लागतो. असा काय दाखला नसतोय. मी सहज सांगितलं, चहा पिताना.

मल्लू तलाठ्याकडं गेला. मला वाटलं, तलाठी हाकलून देईल आणि आपण महिनाभर हसू. पण तलाठ्यानं दाखला दिला की. शिक्का मारून. "सदर इसम शांत असून जेवताना मीठ कमी पडले तरी बोलत नाही." खाली दोन पंचांच्या सह्या.

मल्लूनं तो मास्तरांच्या हातात ठेवला. मी म्हटलं, आता मरतोय. मास्तर म्हणाले, "हे बेस झालं. सरकारनं आधीच ठेवायला पायजे हुतं." दाखला फ्रेम करून रेंजच्या दाराला लावला, आणि दुसऱ्या दिवसापास्नं रेंजवर यायचं तर दाखला सक्तीचा केला.

माझा अजून झालेला न्हाय. तलाठी म्हणतोय, तुझ्यासाठी पंच मिळत न्हाईत.

*

मल्लूचा नेम जमाय लागला, तसं आम्ही दोघं कायद्याकडं वळलो. वकिलाकडनं पुस्तक मागून आणलं आणि अण्णांच्या भाईरच्या सोप्यात बसून मोठ्यानं वाचाय लागलो. अण्णा सुपारी कातरत ऐकत हुते.

"लायसनची मुदत तीन वर्षं. मुदत संपायच्या आत नूतनीकरण. लायसन संपल्यावर बंदूक जवळ ठेवणं गुन्हा."

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

"लायसन संपतंय?"

"व्हय की, अण्णा."

"आरं, माझं लगीन झालं त्या सालापास्नं हाय ते. लगीन कुठं संपलंय?"

आतनं काकी म्हणाल्या, "विचारा मला."

तर भानगड अशी, की लायसनचं सगळं बघायचे अण्णांचे थोरले भाऊ, बापू. अण्णा फक्त सह्या करायचे. बापू वारले आणि कागद पेटीत तसेच ऱ्हायले. मल्लूनं पेटीतनं लायसन काढलं. शेवटच्या शिक्क्याची मुदत सरून दीड वर्ष झालेलं.

दाखल्याचं सोंग तवर घरात कळलेलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "ह्ये बी तुझंच सोंग हाय न्हवं? त्या दाखल्यासारखं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, सोंग असतं तर बरं झालं असतं.

*

त्यानंतर आठ दिवस अण्णा जेवले न्हाईत म्हटलं तरी चालंल. खुंटीकडं पाठ करून बसायचे. रस्त्यानं फटफटी गेली तरी आत जायचे. नवव्या दिवशी सकाळी दारात गावचे पोलीसपाटील.

पाटील काय बोलायच्या आत अण्णा आत गेले आणि पिशवी घेऊन आले. आत दोन धोतरं, दात घासायची राखुंडी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. पिशवी आठ दिवस भरून ठेवलेली.

काकीला म्हणाले, "म्हशीला वेळच्या वेळी पाणी दाव." मग पाटलांना म्हणाले, "चला. मी तयार हाय."

पाटलांनी पिशवीकडं बघितलं, हातातल्या पत्रिकेकडं बघितलं.

"अण्णा, पोरीचं लगीन पुढच्या महिन्यात हाय. एवढ्या लौकर येऊन काय करणार?"

*

शेवटी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "आपणहून जावा. पण बंदूक घेऊन जाऊ नका. लायसन न्हाय आणि खांद्याला बंदूक, म्हंजे रस्त्यात दुसरा गुन्हा. नुसता अर्ज द्या, पुढचं ते सांगतील."

अण्णा, मल्लू आणि मी ठाण्यावर गेलो. अर्ज मी लिहिलेला, पण मल्लूनं तीनदा वाचून बघितला, मी कुठं काय घातलंय का म्हणून. टेबलावर एक वयस्कर हवालदार. अण्णांनी अर्ज पुढं केला आणि हात जोडून उभेच ऱ्हायले. हवालदारानं अर्ज वाचला, लायसन बघितलं, कपाटातनं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि थुंकी लावून पानं उलटाय लागला.

"बंदूक घरात हाय म्हणताय?"

"व्हय सायब. खुंटीला."

"मग ही कुणाची?"

रजिस्टरमधी अण्णांचं नाव. लायसनचा नंबर तोच, बंदुकीचा नंबर तोच. मागल्या निवडणुकीच्या वेळी सगळ्यांनी बंदुका ठाण्यात जमा केल्या, त्यात ही बी जमा. आणणारे बापू, अण्णांच्या सहीच्या कागदासकट. निवडणूक झाली, सगळे आपापल्या बंदुका घेऊन गेले. ही न्ह्यायला कोण आलंच न्हाय.

अण्णा म्हणाले, "मी असा कागद दिलाच न्हाय."

हवालदारानं कागद पुढं सरकवला. "सही कुणाची?"

अण्णांनी चष्मा लावून बघितलं. "सही माझीच. पण तवा मी दवाखान्यात हुतो, डोळ्याला पट्टी. बापू म्हणाले सही कर, मी केली. मला वाटलं, ऑपरेशनची हाय."

हवालदार म्हणाला, "अण्णा, लायसन संपायच्या आधीपास्नं बंदूक आमच्याकडं हाय. तुमच्या घरात बिनलायसनची बंदूक एक दिवस बी न्हवती. गुन्हा कसला करताय? घरी जावा, जेवा."

अण्णा बाकड्यावर बसले. मल्लूनं पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "सायब, मग गेली तीन वर्षं मी उसात कव्हर खांद्याला लावून फिरतोय. डुकरं पळत्यात की."

"उघडून बघितलं न्हाय?"

"कुलूप हाय. चावी बापूकडं असायची. आणि डुकरं नुसतं कव्हर बघूनच जात्यात, म्हणून कधी लागलंच न्हाय."

हवालदार म्हणाला, "नूतनीकरणाचा अर्ज करा. मंजूर झाला की घेऊन जावा."

"ऱ्हाऊ दे सायब," अण्णा म्हणाले. "इथं सुखात हाय."

घरी आलो. काकीनं झुणका केलेला. अण्णा आठ दिवसाचं एकदम जेवले, चार भाकरी. हात धुतले, खुंटीवरनं कव्हर काढलं, खांद्याला अडकवलं आणि उसाकडं निघाले. कव्हर जड हुतं. खांदा वाकलेला आम्हाला दिसत हुता.

मल्लू मागनं पळत गेला. "अण्णा, कुलूप तोडून एकदा बघूया की, आत काय हाय."

अण्णा थांबले न्हाईत.

"गप बस. बघितलं तर त्याचं बी लायसन काढाय लागंल."