पंखा बदलला, पोती बांधली

माझा ट्रक जुना आहे असं दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नसे. मी स्वतः मात्र त्याला दिवसातून चारदा शिव्या घालायचो. गाडी घेतली तेव्हापासून तिचा इंजिनाची गरमी दाखवणारा काटा बंदच होता. इंजिन तापलं की नाही हे मी वासावरून ओळखायचो, आणि त्या नाकाचा मला भारी गर्व होता.

आमचं घर मासेमारीचं. पवनीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाचा तलाव. दर पावसाळ्यात तलावात बीज सोडायचं, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, बोटुकली. उन्हाळ्यात जाळं टाकायचं आणि घरोघरी वाटा करायचा. बीज मिळायचं ते केंद्र आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाल्यावर गोंदियाकडे गेलं, आणि तिथून ते आपलं आपण आणायचं ठरलं. बाहेरची चांगली गाडी करा, असं गावच्या मच्छीमार सोसायटीतल्या चौघांनी म्हटलं. माझा काका सोसायटीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "घरच्या पोराची गाडी असताना बाहेरची कायले?" काकाचा शब्द म्हणून माझी गाडी ठरली. मी सहा महिने याच कामासाठी त्याच्या मागे लागलो होतो हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पावसाने पंधरा दिवस दडी मारली होती. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, पिवळे पडले होते, शेतातल्या बांध्यांना भेगा गेल्या होत्या आणि ऊन मे महिन्याचं होतं. सकाळी मी आणि काका केंद्रावरून चाळीस पिशव्या भरून निघालो. प्लास्टिकची मोठी पिशवी, तळाशी पाणी आणि बोटुकली, वर ऑक्सिजन भरून तोंड रबराने आवळलेलं. वरून ओली पोती. मासा कुठेही न्यायचा तर त्यावर ओलं पोतं हवंच, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. केंद्रातल्या माणसाने बजावलं होतं, "दुपारच्या आत तलावात सोडा. उन्हात जास्त टिकणार नाही."

लाखनी दोन किलोमीटरवर राहिली असताना इंजिनात कुणी हातोडा मारल्यासारखा आवाज झाला. बॉनेट उघडलं तर पंख्याच्या सहा पात्यांपैकी एक मुळातून तुटून गेलं होतं. उरलेला पंखा हेलकावे खात होता. रेडिएटर फुटला नव्हता हे नशीब. तसाच रेटला असता तर पाण्याचा पंप गेला असता. मी पट्टा काढून पंखा बंद केला, डब्यातलं पाणी ओतत, थांबत, पुन्हा चालवत हायवेवरच्या एका मिस्त्रीच्या छपरापर्यंत गाडी आणली. दोन किलोमीटरला पाऊण तास लागला.

मिस्त्री म्हातारा होता, त्याला कशाचीच घाई नव्हती. तुटक्या पंख्याकडे पाहून म्हणाला, "समोरचं पातं कापून टाकू का? चार पात्यावर तोल बसते. पण इंजन तापन."

"मासे हायेत गाडीत," मी म्हणालो. "तापून चालणार नाही. नवा टाका."

"या गाडीचा नवा पंखा नागपुरात बी भेटन का नाही, देव जाणे. थांब, कबाड्याकडे पायतो."

तो भंगारवाल्याकडे गेला तो तासाभराने आला. काका तेवढ्या वेळात हातपंपावरून पाणी आणून पोत्यांवर शिंपडत होता. दर फेरीला एकेका पिशवीला तळवा लावायचा. तापलेल्या लेकराच्या अंगाला लावतात तसा. मी विचारायचो, "कसं हाये?" तो म्हणायचा, "आहेत." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो बादली उचलून पुन्हा हातपंपाकडे गेला.

मिस्त्रीने आणलेला पंखा दुसऱ्या गाडीचा होता. चार भोकांपैकी तीन जुळत होती. चौथं कानशीने वाढवावं लागलं. रेडिएटर आणि पंप यांच्यामधल्या त्या बोटभर फटीत हात घालून बोल्ट बसवायचे. मिस्त्रीची नजर अधू, म्हणून बोल्ट मीच लावले. पाना सटकून दोन बोटांची सालं गेली आणि एक बोल्ट खाली पडला. तो शोधायला मी गाडीखाली आडवा झालो तेव्हा मला रडू आलं. तिथे कुणाला दिसलं नाही. बोल्ट सापडला, पंखा बसला, पट्टा चढला. मिस्त्रीने पंखा हाताने फिरवून कान लावला. "लागत नाही कुठं," म्हणाला. "आता हवा मस्त ओढन. फक्त थांबू नको."

मिस्त्रीचं काम चोख होतं. त्या पंख्याने पुढे तीन वर्षं मला साथ दिली. म्हणजे त्या दिवशी पुढे जे झालं त्याचा दोष पंख्याच्या माथी मारायची सोय मला नाही.

दुपार झाली होती. इंजिन सुरू केलं तर अजून तापलेला वास येत होता. नाक सांगत होतं, थंड कर. थंड करायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्या घरात एकच माहीत होतं. मी मागची दोन जाड पोती काढली, नुकताच भरलेला पाण्याचा डबा त्यांच्यावर पूर्ण रिकामा केला आणि गाडीच्या तोंडावर, जाळीवर, सुतळीने घट्ट बांधली. वारा लागेल, पोती गार होतील, इंजिन गार राहील. मला ते इतकं पटलं होतं की मी मिस्त्रीला विचारलंही नाही. तो आत हात धूत होता.

काका बघत होता. "काहून बांधून राहिला गा? मंग हवा कुठून जाईन आत?"

"थंड राहते."

"पिशवीतलं पाणी कितीबी थंड असू दे, हवा सरली का मासा मरते. गाडीले नाही लागत का हवा?"

"गाडी मले समजते, काका. तुमी मासे पाहा."

आयुष्यात मी त्याच्याशी पहिल्यांदाच असं बोललो. तो गाडीत चढला.

हायवे सोडून पवनीकडच्या आडरस्त्याला लागलो. दहा-बारा किलोमीटर गेलो असू. ना गाव, ना विहीर, दोन्ही बाजूंना कोरड्या बांध्या. आधी वास आला, मग बॉनेटच्या फटींतून वाफ, मग इंजिनाने मान टाकली. खाली उतरून पाहिलं तर पोती सुकून कडक झाली होती आणि जाळीला चिकटून बसली होती. नवा पंखा मागून हवा ओढत होता आणि मी पुढून दार लावून घेतलं होतं. सुतळीची गाठ सुटेना. मी ती दातांनी तोडली.

डबा उघडला. डबा कोरडा.

काका मागे चढला होता. बराच वेळ खाली आला नाही. मी वर गेलो तर तो पिशव्या उन्हाकडे धरून बघत होता. बऱ्याच पिशव्यांत बोटुकली पोट वर करून तरंगत होती. काहींत निम्मी. त्याने चार पिशव्या बाजूला काढल्या.

"इंजन निवलं का याचं पाणी टाक," तो म्हणाला.

"यात जिते आहेत, काका."

"आहेत." त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला. "बाकीच्यातबी आहेत. हे नाही कापले तर ते बी नाही पोहोचत."

अर्धा तास आम्ही इंजिन निवायची वाट पाहिली. मग मी रेडिएटरच्या तोंडावर दुपट्टा धरला आणि काकाने पिशवी कापली. पाणी आत गेलं. दुपट्ट्यात बोटुकली राहिली, काही गप्प, काही तडफडणारी. माझ्या सोललेल्या बोटांना ती लागत होती. चार वेळा. चौथ्या वेळी काकाने दुपट्टा रस्त्याकडेला झटकला नाही. गाठ मारून मांडीवर घेतला आणि तसाच बसून राहिला. मी गाडी सुरू केली.

तलावाच्या पाळीवर बायामाणसं सकाळपासून उभी होती. पिशव्या आधी तलावात तरंगत ठेवायच्या, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढं होऊ द्यायचं, मग तोंड सोडायचं, अशी रीत. छत्तीस पिशव्या सोडल्या. चौदा पिशव्यांतली बोटुकली पोहत गेली. बाकीची पाण्यावर पांढरी पसरली. वारा ती काठाला लावत राहिला. चाळीस घरांच्या वर्षभराच्या वाट्याचं बीज होतं ते, आणि त्या वर्षी दुसरं मिळणार नव्हतं.

"काय झालं गा?" कुणीतरी विचारलं.

काका म्हणाला, "रस्त्यात पंखा तुटला."

सगळे माझ्या बोटांकडे बघायला लागले. एका म्हातारीने हळद आणून लावली. बिचाऱ्याने भर उन्हात रस्त्यावर पंखा बदलला, म्हणून कितीतरी दिवस माझं कौतुक चाललं. खरं सांगायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. उन्हाळ्यात जाळं निघालं तेव्हा टोपल्यांचे तळ दिसत होते. तरीही वाटा करताना माझ्या टोपलीत एक मासा जास्तीचा पडला, गाडीवाल्याचा. मी तो घेतला.

काका त्याबद्दल कधी बोलला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. मी गाडी धुऊन, तेलपाणी बघून ठेवली होती. चावी खिशातच होती. रस्त्यावर एक भाड्याची गाडी थांबली होती, तिचं इंजिन चालू होतं. त्याने माझ्या ट्रककडे पाहिलंही नाही.

"पोते आहेत ना तुझ्याजवळ?" तो म्हणाला. "दे. भिजवून नेतो."

मी आत गेलो आणि पोती आणून त्याच्या हातात दिली.