साहेबांचा टॉवेल

"गुरुजी गेले. तुह्या वहीचं काय करू?"

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात काकूंचा, गुरुजींच्या बायकोचा, फोन आला. रडणं नाही, आवाज कापणं नाही... जणू दुधाचा निरोप. रहांगडाले गुरुजींनी मला शाळेत इतिहास शिकवला. पुढं मी तिरोड्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि गेली अकरा वर्षं त्यांचं एकच पुस्तक टाइप करत आले. एका जपानी अ‍ॅडमिरलचं चरित्र. दवनीवाड्याचा माणूस, जन्मात समुद्र पाहिला नाही, आणि लिहायला घेतला तो आरमाराचा सेनापती. लोक हसायचे. मीही हसले आहे, लपवत नाही.

शाळेच्या रद्दीत त्यांना एक कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्यात फोटो होता. डेकवर खुर्ची टाकून बसलेला हडकुळा माणूस, दोन्ही हात गुडघ्यांवर. गुरुजी त्याला 'साहेब' म्हणत. साहेब म्हणजे किनाऱ्यावरच्या गरीब शिक्षकाचा मुलगा, आरमाराच्या शाळेत गेला तेव्हा अंगापेक्षा गणवेश मोठा. ताऱ्यांवरून दिशा काढण्यात पहिला, पुढं तेच शिकवणारा. लढाई पेटण्याआधी त्यानं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की हे युद्ध आपण हरणार. वरिष्ठांनी कागद ठेवून घेतला आणि त्यालाच जहाजं देऊन पाठवलं. तो गेला. दोन लढाया जिंकला, तिसरीत त्याचं जहाज फुटलं. सगळी माणसं उतरवली आणि स्वतः मात्र उतरला नाही. प्रेत सापडलं नाही. "मनात नसताना हुकूम पाळणारा माणूस मले आतून माहीत हाय," गुरुजी म्हणायचे. चौतीस वर्षं जनगणना, निवडणूक, बदल्या, सगळं मान खाली घालून केलेला माणूस तो. त्यांना नाही तर कोणाला माहीत असणार?

चिखल झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुरुजी पळसाच्या पानांचे दोने सोडत आणि काठीनं सरकवत लढाई मांडून पाहत. बांधावर मी वही धरून उभी. धानाची रोपं रोवायला आलेल्या बाया खोळंबायच्या. "गुरुजी, तुमचा सायब सरकवा ना, आमाले रोवणा लावाचा हाय." गुरुजी निमूटपणे आरमार गोळा करायचे. पण एक दोना ते कधी उचलत नसत. तो तिथंच भिजून बुडायचा, आणि ते तो बुडेपर्यंत उभे राहत.

मग पितृपक्षाची गोष्ट. साहेबाला पाणी द्यायला कोणी नसेल, असं गुरुजींच्या मनानं घेतलं. सर्वपित्रीला गावच्या तलावात उतरून आजा-पणजाच्या मागोमाग त्यांनी साहेबाच्या नावानंही तीळ-पाणी सोडलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू चुलीपाशी होत्या. "पान्यात मेलेल्याले आनखी पानीच कायले देता? काही डोकं हाय का नाही तुमाले?" गुरुजींचा चेहरा उतरला. एवढी ढोबळ चूक आपल्या लक्षात कशी आली नाही, म्हणून ते आठ दिवस नीट जेवले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी ओसरीत आपल्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची मांडली आणि तिच्यावर कोरा, कोरडा टॉवेल घडी करून ठेवला. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

प्रकरण घ्यायला गेले की माझी नजर तिकडं जायची. टॉवेल दर वेळी दोरीवर असायचा. भर उन्हाळ्यात, अंगणातली माती तडकलेली असताना, काकू तो सकाळी पिळून वाळत घालायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, हा ओला कोण करते?" त्या म्हणाल्या, "तू चहा घे." मी चहा घेतला.

शेवटचं प्रकरण गुरुजी तीन वर्षं लिहीत नव्हते. बावीस प्रकरणं तयार, साहेब जहाजावर उभे, पाणी चढतंय, आणि गुरुजी पहिल्या प्रकरणातले स्वल्पविराम तपासतायत. "जोवर मी लिहीत नाही, तोवर तो उभा तरी हाय," ते म्हणाले. मी वैतागले होते. माझी जीभ आधीपासूनच तिखट. म्हटलं, "गुरुजी, मारून टाका त्याला एकदाचं. मलाही दुसरी कामं आहेत." त्यांनी पहिलं प्रकरण मिटून ठेवलं. मग म्हणाले, "बरं." हुकूम मिळाल्यासारखं.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. गेले तेव्हा गुरुजी आपल्या खुर्चीवर बसलेले होते, हात गुडघ्यांवर. समोरच्या टेबलावर माझं नाव घातलेली वही. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मी म्हटलं, उन्हाळी धानाला पाणी लावायला गेले असतील. काकू म्हणाल्या, "घराबाहेर नाही गेले. कडी आतून होती."

ती वही महिनाभर दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती. उघडायची हिंमत नव्हती. मीच मारलं त्यांना, हे मनातून जाईना, आणि आत तसंच काही लिहिलेलं निघालं तर? शेवटी काकू स्वतः एसटीनं आल्या. बाकावर बसल्या. म्हणाल्या, "लिवून टाक पोरी. दोघं कितीक दिस ताटकळतीन?"

वही उघडली, शेवटचं प्रकरण टाइप केलं. अक्षर नेहमीसारखं गोल, कुठं खाडाखोड नाही. माणसं उतरली, नावा दूर गेल्या. शाळेत माझ्या निबंधातला प्रत्येक 'मी' गुरुजी लाल शाईनं खोडायचे. इतिहासात 'मी' नसतो, म्हणायचे. अकरा वर्षांत त्यांच्या पुस्तकात तो एकदाही आला नव्हता. शेवटच्या पानावर आला. "पाणी गुडघ्याला लागलं. साहेब एकटेच उभे होते. मी म्हटलं, साहेब, बसा आता. मी आलोय." त्याखाली काही नाही.

मी रडले, दुकानात, गिऱ्हाईकासमोर. माझ्यामुळं गेले का, ते मला आजही कळत नाही. पण एकटे नव्हते, एवढं कळलं.

छापलेली पानं घेऊन परवा दवनीवाड्याला गेले. टळटळीत दुपार. ओसरीत दोन्ही खुर्च्या समोरासमोर होत्या आणि दोन्ही रिकाम्या. काकू अंगणात दोरीपाशी. दोरीवर एक टॉवेल, हातात दुसरा.

"दोन?" मी विचारलं.

"ह्यायचा बी," त्या गुरुजींच्या खुर्चीकडं मान करून म्हणाल्या. "माह्या हातानं पिळल्या जात नाही. लय पानी हाय याच्यात."

मी पानं ओट्यावर ठेवली, टॉवेलाचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी तो पिळला.