मंत्रिपदाचे पेढे

लंडनमध्ये ईलिंगला आमच्या समोर राहणाऱ्या काकांचा भाचा कॅनडात गव्हाची शेती करायचा आणि तिथल्या निवडणुकीला उभा होता. बस स्टॉपवर भेटले की काका छत्रीचं टोक जमिनीवर आपटत विचारायचे, "मला सांग, कृषिमंत्री कुणी व्हावं? ज्याला गहू कळतो त्यानेच ना?" मी हो म्हटल्याशिवाय बस यायची नाही.

भाचा निवडून आला. मंत्रिमंडळ ठरायच्या आतच काकांनी साऱ्या रस्त्याला पेढे वाटले, गोऱ्या शेजाऱ्यांनासुद्धा. "आमचा भाचा, अ‍ॅग्रिकल्चर मिनिस्टर!"

मंत्री झाला दुसराच. त्या संध्याकाळी काका दारात आले, छत्री न आपटता. "ते पेढे नुसते निवडून आल्याचे होते हं. भाचा फोनवर फार चिडला. म्हणाला, मामा, मी मंत्रिपद मागितलंसुद्धा नव्हतं."

"असू दे हो काका," मी म्हणत होतो, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे गेली. चपलांच्या रॅकवर त्यांनी दिलेला पेढ्यांचा डबा तसाच पडला होता, रबर बँडसुद्धा न काढलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांचा चेहरा मात्र सैलावला.

"बरं झालं, तू खाल्ले नाहीस," ते म्हणाले, आणि डबा काखोटीला मारून निघाले.