विहिरीजवळचा दगड

केळापूरच्या आमच्या वस्तीत पोस्टमन कधी शिरला नाही. विहिरीजवळ सायकल थांबवून तो घंटी वाजवायचा आणि टपाल तिथल्या दगडावर लांबूनच टाकायचा.

दादा शिकायला लंडनला गेला, सुट्टीच्या दिवशी शहर पाहत फिरू लागला, तशी त्याची चित्रांची कार्डं येऊ लागली. पोस्टमन ती वाटेतच वाचायचा. मी पोचेपर्यंत त्याला धीर नसायचा.

"तुह्या दादानं पूल पाह्यला वं पोरी! जहाज आलं का मधातून उघडते म्हन्ते!"

दादाच्या सहली आईच्या आधी त्याला कळायच्या. मला राग यायचा, पण तो आला नाही की चुकल्यासारखंही वाटायचं.

आम्ही दीक्षा घेतल्याच्या तिसऱ्या वर्षी एक कार्ड आलं. दादा तिथलं मोठं संग्रहालय पाहून आला होता. चित्रात ध्यानस्थ बुद्ध होते. पोस्टमननं चपला काढल्या आणि कार्ड कपाळाला लावलं. मी थक्क झाले. आज हा हातात देणार, म्हणून मी दोन्ही हात पुढे केले.

त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दगड पुसला, कार्ड जपून त्यावर ठेवलं आणि मागे सरला.

"देवाचा फोटू हाय," तो म्हणाला. "हात धुऊन उचलजो."

माझे हात अजून पुढेच होते.